जुन्या पिकअपचा मीटर बदलताना: आधी मोजा, मग विकत घ्या

जुन्या पिकअपचा मीटर बदलायचं खूळ बहुतेकांच्या डोक्यात दोनच कारणांनी शिरतं. एक तर डिझेलचा काटा मनाला येईल तसा हलतो आणि भर ट्रॅफिकमध्ये गाडी कोरडी पडते. नाहीतर रात्री डॅशबोर्डवर इतका मिणमिणता उजेड असतो की टेम्परेचर बघायला मोबाइलची बॅटरी लावावी लागते. मग माणूस कुर्ल्याला सीएसटी रोड गाठतो, दिसायला झकास मीटर उचलून आणतो, आणि बसवल्यावर काटे आधीपेक्षा जास्त खोटं बोलायला लागतात. यात मीटरचा दोष क्वचितच असतो. मीटर फक्त सांगतो. मोजणारे सेन्सर टाकीत, इंजिनवर आणि गिअरबॉक्सवर बसलेले असतात. जुने सेन्सर आणि नवा मीटर यांचं जमत नसेल तर महागातला मीटरही शोभेचाच.

ज्यांना पाना आणि स्क्रू ड्रायव्हर धरता येतो, पण वायरिंगला अजून हात लावलेला नाही, त्यांच्यासाठी हे लिहितोय. गाडी म्हणजे टाटा २०७ किंवा महिंद्राचा जुना पिकअप, अशा १२ व्होल्टच्या साध्या डिझेल गाड्या. अलीकडच्या गाड्यांत मीटर इंजिनच्या कॉम्प्युटरशी जोडलेला असतो आणि तिथे भलती वायर हलवली तर गाडी स्टार्टच होत नाही. ते काम शोरूमचं किंवा जाणकार वायरमनचं.

नक्की काय हवंय?

वाटा तीन आहेत. पहिली, त्याच गाडीच्या वरच्या मॉडेलचा मीटर बसवायचा. तुमच्या गाडीत आरपीएमचा (इंजिनच्या मिनिटाला होणाऱ्या फेऱ्यांचा) काटा नाही आणि वरच्या मॉडेलमध्ये आहे, असं बऱ्याचदा असतं. दुसरी, मूळ मीटर तसाच ठेवून शेजारी गोल गेज लावायचे: टेम्परेचर, ऑइल प्रेशर, व्होल्ट. तिसरी, सगळं काढून ऑनलाइन मिळणारा रंगीत डिजिटल मीटर बसवायचा.

पहिल्यांदाच करत असाल तर माझं मत दुसऱ्या वाटेला. जुनं काही तोडावं लागत नाही आणि चुकलं तर गेज काढून ठेवता येतो. पहिली वाटही चांगली, फक्त कपलर (मीटरमागे लागणारा वायरींचा प्लग) तोच आणि पिनांचा क्रम तोच आहे का हे तपासूनच. कपलर सारखा असला म्हणजे वायरी सारख्या असतात असं नाही. एकाच नावाच्या गाडीत मधल्या एखाद्या वर्षी कंपनीने पिना फिरवलेल्या असू शकतात. तिसरी वाट यूट्यूबवर फार सोपी दिसते. त्या मीटरला तुमच्या टाकीचे आकडे शिकवावे लागतात, स्पीडसाठी सेन्सर लागतो, आणि दुपारी उन्हात उभ्या केलेल्या टेम्पोत त्याचा स्क्रीन वाचता येत नाही. हौस असेल तर दुसऱ्या गाडीवर करा, रोजच्या धंद्याच्या गाडीवर नको.

खरेदीआधीची मोजणी

इथे घाई केली की पुढचं सगळं बिघडतं. व्होल्ट आणि ओहम मोजणारा एक साधा डिजिटल मल्टिमीटर घ्या. लॅमिंग्टन रोडला, म्हणजे पाटीवरच्या डॉ. दादासाहेब भडकमकर मार्गावर, तो कुठल्याही दुकानात मिळेल. तिथूनच हीट श्रिंक ट्यूब (गरम केली की वायरीवर घट्ट बसणारी नळी), चांगल्या प्रतीची वायर, इनलाइन फ्यूज होल्डर आणि कॉन्टॅक्ट क्लीनरचा स्प्रे उचला, म्हणजे दुसरी फेरी पडणार नाही.

सुरुवात डिझेलच्या काट्यापासून करा. टाकीतल्या सेन्सर युनिटला एक फ्लोट, म्हणजे डिझेलवर तरंगणारा गोळा, असतो. डिझेल वरखाली झालं की तो एका रेझिस्टन्सवर, म्हणजे करंटला अडवणाऱ्या पट्टीवर, सरकतो, आणि त्या रेझिस्टन्सवरून मीटरचा काटा ठरतो. चावी बंद करा, टाकीवरच्या युनिटची वायर काढा आणि त्या पिनपासून अर्थपर्यंत, म्हणजे गाडीच्या धातूच्या बॉडीपर्यंत, रेझिस्टन्स ओहममध्ये मोजा. टाकी जवळजवळ रिकामी असताना एक आकडा लिहून घ्या, फुल केल्यावर दुसरा. मोजायला पंपावर बसू नका, गाडी बाहेर काढून रस्त्याच्या कडेला मोजा. युरोपियन पद्धतीची बरीच युनिट रिकाम्या टाकीला १० आणि भरलेल्या टाकीला १८० ओहमच्या आसपास दाखवतात. बाजारातले अमेरिकन पद्धतीचे गेज बरोबर उलटे चालतात, रिकाम्याला २४० आणि भरलेल्याला ३३. असा गेज पहिल्या प्रकारच्या युनिटला जोडला तर टाकी रिकामी होत जाईल तसा काटा फुलकडे सरकेल. तुमच्या गाडीचे आकडे यातलं काहीच नसतील, तरी हरकत नाही. दुकानात मात्र गाडीचं नाव सांगून थांबू नका, हे दोन आकडे सांगा. दुकानदाराला ओहम कळत नसेल तर पुढच्या दुकानात जा.

मोजताना आकडा मध्येच गायब होत असेल, गाडी हलवली की उड्या मारत असेल, तर फ्लोटची पट्टी झिजली आहे. आधी युनिट बदला. कदाचित मग मीटर बदलायची गरजच उरणार नाही.

टेम्परेचरचा सेन्सर गरम होईल तसा त्याचा रेझिस्टन्स कमी होतो. तो काढून वायरला बांधायचा आणि जुन्या पातेल्यातल्या पाण्यात असा लटकवायचा की तळाला टेकणार नाही. थंड पाण्यात एकदा मोजा, ८० अंशांना एकदा, आणि उकळल्यावर एकदा. मुंबई समुद्रसपाटीला असल्याने उकळतं पाणी म्हणजे १०० अंश धरायला हरकत नाही, पण ८० साठी थर्मामीटर लागेलच. सेन्सर काढायचा तो इंजिन पूर्ण थंड असताना. आणि परत लावताना आट्यांवर टेफ्लॉन टेप गुंडाळायचा मोह आवरा. एका वायरीचा सेन्सर आट्यांमधूनच इंजिनला अर्थ घेतो. टेपने तो तुटला की काटा वर यायचं नाव घेत नाही, आणि माणूस मीटरला शिव्या घालत बसतो.

ऑइलच्या बाबतीत नवखे हमखास फसतात. बहुतेक जुन्या पिकअपमध्ये ऑइलचा फक्त लाल दिवा असतो आणि त्याच्यामागे साधा स्विच असतो: प्रेशर आहे किंवा नाही. त्या वायरीवर प्रेशर गेज चालत नाही, त्याला वेगळा सेन्सर लागतो. टी जोड टाकून स्विच आणि सेन्सर दोन्ही ठेवा. दिवा काढू नका, कारण गेजकडे लक्ष नसतं तेव्हा दिवाच डोळ्यात भरतो. आटे जुळवताना जुना स्विच खिशात घालून दुकानात जा. एक अष्टमांश इंचाचे बीएसपी (ब्रिटिश मापाचे) आणि एनपीटी (अमेरिकन मापाचे) आटे दिसायला सख्खे भाऊ, पण एकाला इंचात २८ आटे आणि दुसऱ्याला २७. दोन फेऱ्या सहज जातात आणि मग अडकतं. जोर लावला तर इंजिन ब्लॉकचे आटे जातात. आणखी एक, बारीक नळीतून ऑइल थेट केबिनमध्ये आणणारे स्वस्त गेज मिळतात, ते घेऊ नका. नळी फुटली तर तापलेलं ऑइल ड्रायव्हरच्या गुडघ्यावर येतं.

स्पीडोमीटर: केबल की सेन्सर

गाडीखाली वाकून गिअरबॉक्सच्या मागच्या बाजूला बघा. काळी जाड दोरीसारखी केबल निघून केबिनमध्ये जात असेल तर मीटर केबलवाला. दोन-तीन वायरींचा छोटा कपलर असेल तर सेन्सरवाला.

केबलवाल्या मीटरमध्ये केबलच्या टोकाला चुंबक फिरतं. त्याच्याभोवती न चिकटता ॲल्युमिनियमची वाटी असते. फिरत्या चुंबकामुळे वाटीत करंट तयार होऊन ती ओढली जाते, बारीक स्प्रिंग तिला मागे खेचते आणि त्या रस्सीखेचीत काटा थांबतो. म्हणून काटा थरथरत असेल तर दोष बहुधा केबलचा: आतून सुकलेली, नाहीतर डॅशबोर्डमागे जास्त वाकलेली. नवी केबल मीटरपेक्षा खूप स्वस्तात येते.

दुसऱ्या गाडीचा केबलवाला मीटर बसवताना बघायचं ते एकच: एका किलोमीटरला केबलच्या किती फेऱ्या धरून तो बनवला आहे. काही मीटरच्या डायलवर किंवा पाठीवर हा आकडा बारीक छापलेला असतो. आपल्या गाडीचा आकडा असा काढा. मागच्या टायरवर खडूने खूण करा, गाडी सरळ ढकलत चाक एक पूर्ण फेरी फिरवा आणि जमिनीवरचं अंतर टेपने मोजा. आता मीटरच्या बाजूने केबल सोडा, आतल्या तारेला कागदी टेपचा झेंडा लावा, गिअर न्यूट्रलमध्ये टाका आणि चाकाच्या १० फेऱ्या होईपर्यंत दोघांना गाडी ढकलायला सांगा. तुम्ही झेंड्याच्या फेऱ्या मोजा. समजा चाकाची एक फेरी २.१ मीटरची निघाली आणि केबलच्या १३ फेऱ्या झाल्या. म्हणजे २१ मीटरला १३, एका किलोमीटरला साधारण ६१९. मीटरवर याच्या जवळचा आकडा हवा. मुंबईत सरळ मोकळे २१ मीटर मिळवणं हेच यातलं अवघड काम आहे. सोसायटीच्या आवारात वॉचमन दहा प्रश्न विचारेल, त्यापेक्षा रविवारी सकाळी गोडाउनच्या गल्लीत उरकून घ्या.

केबलवाल्या गिअरबॉक्सवर सेन्सरवाला मीटर लावायचा असेल तर केबलच्या जागी बसणारा सेन्सर मिळतो का ते आधी बघा. तो नसेल तर तो मीटर विसरा. आणि गाडीला स्पीड गव्हर्नर (ठरलेल्या वेगापुढे गाडी जाऊ न देणारं यंत्र) असेल, तर स्पीडचा सिग्नल त्यालाही जात असतो. त्याचं सील तोडायचं नाही आणि त्याच्या वायरीला जोड द्यायचा नाही.

आरपीएम आणि चार्जिंगचा दिवा

पेट्रोल गाडीत आरपीएमचा सिग्नल इग्निशन कॉइलवरून घेतात. डिझेलला कॉइलच नाही. इथे तो अल्टरनेटरच्या, म्हणजे इंजिनवर फिरून बॅटरी चार्ज करणाऱ्या जनरेटरच्या, डब्ल्यू टर्मिनलवरून येतो. अल्टरनेटरच्या पाठीवर तसं अक्षर असलेली मोकळी पिन असेल तर एक वायर केबिनपर्यंत ओढली की झालं. पिन नसेल तर अल्टरनेटर रिपेअरवाला आतून काढून देतो. गेज मात्र डिझेलचा, डब्ल्यूवर चालणारा आणि आकडा जुळवता येणारा घ्या.

चार्जिंगच्या दिव्याची गोष्ट अनेक वायरमनलाही ठाऊक नसते. तो बॅटरीच्या चिन्हाचा लाल बल्ब फक्त दिवा नाही. चावी फिरवल्यावर त्याच्यातून अल्टरनेटरला जो थोडा करंट जातो, त्यावर अल्टरनेटर जागा होतो. बाकीच्या बल्बांबरोबर त्याच्याही जागी एलईडी टाकला की करंट पुरत नाही. गाडी चालू होते, दिवा विझत नाही किंवा उशिरा विझतो, आणि बॅटरी दोन दिवसांत बसते. म्हणून तेवढा एक बल्ब जुन्या पद्धतीचाच ठेवा. एलईडीच हवा असेल तर त्याला समांतर ६८ ओहमचा, ५ वॉटचा रेझिस्टर जोडा. बाकी बल्ब खुशाल बदला. एलईडी लागला नाही तर उलटा फिरवून बसवा, त्याला प्लस-मायनस असतं. पांढरा झगझगीत एलईडी रात्री काचेवर उमटतो, त्यापेक्षा पिवळसर घ्या.

काढणे

बॅटरीची निगेटिव्ह केबल आधी काढा. नेहमी, न चुकता. चालू मीटरवरचे किलोमीटर मोबाइलवर फोटोत घ्या, तारखेसकट. मग मीटरभोवतीची प्लास्टिकची चौकट सोडवा. तिचे दोन स्क्रू दिसतात आणि दोन दिसत नाहीत, न दिसणारे सहसा वरच्या कडेला आत असतात. वर्षानुवर्षं उन्हात भाजलेलं प्लास्टिक ओढलं की तडकतं. अडतंय असं वाटलं तर स्क्रू राहिलाय असं समजा. मीटर सैल झाला की जेमतेम हात जाईल एवढा बाहेर येतो, कारण मागून केबलने धरलेला असतो. तिथे ओढाओढी करू नका. गाडीखाली जाऊन गिअरबॉक्सकडचं टोक सोडा, केबलला ढील मिळते आणि मागची क्लिप दाबून ती निघते.

कपलर काढायच्या आधी प्रत्येकाला मास्किंग टेप लावून आकडा लिहा आणि फोटो काढा. वायरीच्या रंगावर विसंबू नका. गाडी तीन वायरमनच्या हातून गेली असेल तर हिरव्याची निळी झालेली असते.

आता जुन्या मीटरची पाठ बघा. पिवळट प्लास्टिकच्या पट्टीवर तांब्याच्या रेघा दिसतील. पिनांच्या जागी हिरवट थर असेल तर तो मुंबईचा दमटपणा. भाऊच्या धक्क्यावरून किंवा ससून डॉकवरून मासळी वाहिलेल्या गाडीत हा थर हमखास, आणि चॅसिसवरचे अर्थचे बोल्ट त्याहून वाईट. बर्फाचं खारं पाणी जिथे जिथे पोचलं, तिथला अर्थ गेला असं धरून चाला. कॉन्टॅक्ट क्लीनर मारा, पिना हलक्या हाताने घासा. अर्थचा बोल्ट काढून लग (वायरीच्या टोकाची धातूची कडी) आणि बॉडी दोन्ही धातू चमकेपर्यंत पॉलिश पेपरने घासा, घट्ट आवळा, वरून पेट्रोलियम जेली लावा. तपासायचं असं: बॅटरी जोडून हेडलाइट लावा आणि मीटरच्या अर्थ पिनपासून बॅटरीच्या निगेटिव्हपर्यंत व्होल्ट मोजा. ०.१ व्होल्टच्या आसपास असेल तर ठीक. अर्धा व्होल्ट दिसला तर नव्या मीटरचे काटेही चुकतीलच. मोजून झाल्यावर निगेटिव्ह परत काढून ठेवा.

जुन्या मीटरमागे कधी एक छोटी डबी असते, व्होल्टेज स्टॅबिलायझर. जुने, सावकाश वर चढणारे काटे १२ नाही, साधारण १० व्होल्टवर चालतात आणि ते ही डबी देते. डिझेल आणि टेम्परेचर दोन्ही काटे एकाच वेळी जास्त दाखवत असतील तर संशय आधी तिच्यावर आणि तिच्या अर्थवर घ्यायचा. नवे गेज थेट १२ व्होल्टचे असतात, त्यांना या डबीतून सप्लाय देऊ नका. आणि कुर्ल्याला ट्रकचे २४ व्होल्टचे गेज याच्याच शेजारी मांडलेले असतात, पाठीवरचा आकडा वाचून पैसे द्या.

बसवणे

नव्या गेजला चार गोष्टी लागतात: चावी ऑन केल्यावर येणारा सप्लाय, अर्थ, सेन्सरची वायर आणि पार्किंग लाइटबरोबर लागणारा उजेड. सप्लाय फ्यूज बॉक्समधून चावीनंतरच्या जागेवरून घ्या आणि मध्ये २ किंवा ३ अँपिअरचा वेगळा फ्यूज टाका. वायर सोलून, पिळून, टेप गुंडाळायची पद्धत पहिल्या पावसाळ्यापर्यंत टिकते. त्याऐवजी सोल्डर करा किंवा चांगला लग दाबा, वर हीट श्रिंक चढवा. इंजिनमधून केबिनमध्ये वायर आणताना पत्र्याच्या भोकात रबर ग्रोमेट (भोकाच्या कडेला बसणारी रबरी कडी) हवाच. पत्र्याची धार महिन्याभरात वायर कापते आणि शॉर्ट होतो तेव्हा डॅशबोर्डमागून धूर येतो.

स्क्रू लावायच्या आधी मीटर नुसता जोडून, लोंबकळता ठेवून तपासा. चावी ऑन: ऑइल आणि चार्जिंगचे दिवे लागले पाहिजेत. स्टार्ट: दोन्ही विझले पाहिजेत. ऑइलचा दिवा पाच-सहा सेकंदांत गेला नाही तर इंजिन बंद करा, मगच कारण शोधा. इंडिकेटर, अप्पर, हँडब्रेक, सगळं दाबून बघा. गाडी तापू द्या आणि टेम्परेचरचा काटा एका जागी येऊन थांबतो का बघा. मग चौकट बसवा.

स्पीड तपासायला पहाटे ईस्टर्न एक्स्प्रेस हायवे बरा. शेजारी बसलेल्याच्या मोबाइलवर जीपीएस स्पीड लावा, ४० आणि ६० वर गाडी स्थिर धरा आणि दोन्ही आकडे त्यालाच लिहायला सांगा. मीटर दोन-चार किलोमीटर जास्त दाखवत असेल तर चालवून घ्या. कमी दाखवत असेल तर नाही, कारण चलन खऱ्या स्पीडवर फाटतं.

किलोमीटर आणि कागद

सेकंडहँड मीटर त्याचे स्वतःचे किलोमीटर घेऊन येतो, नवा शून्यावरून सुरू होतो. दोन्ही चालतं, फक्त लपवायचं नाही. जुन्या मीटरचा आकडा, नव्याचा सुरुवातीचा आकडा आणि तारीख सर्व्हिस बुकात लिहा, मीटरच्या बिलाला जुन्या आकड्याचा फोटो जोडा. तीच चिठ्ठी दाराच्या चौकटीवर चिकटवली तर पुढचा मेकॅनिक ऑइल कधी बदलायचं ते चुकणार नाही. मीटर मागे फिरवून देणारे बाजारात भेटतात. असा आकडा दाखवून गाडी विकली तर ती सरळ फसवणूक.

चालू स्पीडोमीटर असणं केंद्रीय मोटार वाहन नियम, १९८९ नुसार बंधनकारक आहे. धंद्याची गाडी आठ वर्षांवर गेली की फिटनेस दर वर्षी करावं लागतं. ताडदेव, अंधेरी, वडाळा, बोरिवली, तुमची गाडी कुठल्याही आरटीओची असो, फिटनेसच्या आदल्या दिवशी हे काम काढू नका. आधीच्या पंधरवड्यात उरका, म्हणजे एखादा चुकीचा सेन्सर परत करून दुसरा आणायला वेळ राहतो. जुना मीटरही लगेच भंगारात देऊ नका. नव्याची एखादी काच किंवा पिन तुटली तर निदान त्याच्यावर गाडी रस्त्यावर राहील.